आमच्या घराला अर्थ नव्हता

मुलांना झोपायला स्वतंत्र खोली असावी, हा शोध आप्पांना एका मासिकातून लागला. त्याआधी आमच्या घरात मुलं झोपण्याच्या बाबतीत गोधड्यांसारखी होती. जागा असेल तिथे पसरायची आणि सकाळी गोळा करायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत मराठी शिकवत. तापीकाठच्या आमच्या गावात सगळे अहिराणी बोलत, पण आप्पा घरातसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलत. माय त्यांना अहिराणीत उत्तर देई. "जेवण सिद्ध आहे काय?" असं आप्पांनी विचारलं की "वाढी ऱ्हायनू ना, बसा," असं ती म्हणे. संसार असा दोन भाषांत विनातक्रार चालला होता. तर त्या मासिकात आप्पांनी वाचलं की ज्या मुलांना स्वतःची खोली असते त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो. आमच्या व्यक्तिमत्त्वाची तोपर्यंत कुणी चौकशी केलेली नव्हती, त्यामुळे आम्ही तिघं भावंडं आनंदाने वेडीच झालो.

घराच्या मागे कापूस ठेवायची खोली होती. ती झाडून काढली तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यातून इतका कापूस उडाला की माझा मोठा भाऊ सुरेश, मी आणि तीन वर्षांचा छोटू भुतांसारखे पांढरे होऊन गावभर मिरवून आलो. मग निळीचा चुना लागला, दोन लोखंडी पलंग आले आणि दारावर पाटी चढली: 'बालकुंज'. पाटीवर शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी मोर काढला होता. गावातल्या जाणत्या माणसांनी तो कोंबडा म्हणूनच पाहिला आणि आप्पांचं कोंबडीपालनाबद्दल अभिनंदन केलं.

मासिकात असंही लिहिलं होतं की मुलांनी स्वावलंबी व्हावं. म्हणून आप्पांनी विजेचा बोर्ड पलंगाच्या उशाशी, छोटूच्या हाताला येईल इतका खाली बसवून घेतला. छोटू तत्परतेने स्वावलंबी झाला. पहिल्याच दुपारी तो मायच्या केसातला आकडा घेऊन बोर्डाच्या भोकांपुढे मांडी घालून बसलेला सापडला. मायने आकडा हिसकावला, भोकांत सरकी काढलेल्या कापसाचे बोळे कोंबले आणि पुढे धान्याची पत्र्याची पेटी सरकवली. आप्पांनी पेटी बाजूला केली. मायने पुन्हा सरकवली. हे पुष्कळ दिवस चाललं. माझ्या सुनेने नंदुरबारच्या घरात नातीच्या खोलीतल्या प्रत्येक सॉकेटला प्लास्टिकची टोपणं बसवून घेतली आहेत आणि ती मला कौतुकाने दाखवते. ती दाखवत असताना मला ती पेटी ढकलल्याचा खरखराट ऐकू येतो. मायच्या टोपणाचं वजन फक्त थोडं जास्त होतं.

खोलीचं उद्घाटन आखाजीच्या दिवशी करायचं ठरलं. आखाजी म्हणजे आमच्याकडचा अक्षय तृतीयेचा सण, ऐन वैशाखात येणारा. आमच्या भागातला वैशाख ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी भिंतीला पाठ टेकता येत नाही, आणि पाण्याच्या माठाजवळून माणसं उठत नाहीत. सणाच्या आदल्या दिवशी माझा रघूमामा, सण झाला की मायला माहेरी न्यायला, सुरतेहून आला, तो टेम्पोत एक भलामोठा पत्र्याचा डबा घालूनच. मामा सुरतेला लूमच्या कारखान्यात होता. तिथे त्याने लूम किती चालवले माहीत नाही, पण बोलणं मात्र तिथेच शिकून आला होता.

"आक्का, व आक्का! दख काय लई उनू!" टेम्पो थांबायच्या आत तो ओरडला.

माय हाताचं पीठ झटकत बाहेर आली. "काय शे हाई? कपाट शे का?"

"कपाट नई व, कूलर! सुरतमा शेठेसना पोरे याम्हाच झोपतस."

"याम्हा?" मायने डब्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

"याम्हा नई व! याना मव्हरे!"

मामाने तो येताना वाटेत शहाद्याच्या एका वेल्डरकडून स्वतः उभं राहून करवून घेतला होता. आत पंखा, खाली पाण्याचा पंप, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाला घोडा फिरवून दाखवतो तसा त्याने तो डबा चारी बाजूंनी फिरवून दाखवला. फक्त दात दाखवायचे राहिले. आम्ही घागरीने पाणी ओतलं, मामाने बटण दाबलं, डबा आधी खाकरला, मग हादरला, आणि मग त्यातून जी हवा आली तिच्यापुढे आम्ही तिघंही तोंडं उघडून उभे राहिलो. ओल्या गवताचा वास खोलीभर झाला. छोटू त्या हवेत "आऽऽऽ" करायचा आणि त्याचा आवाज तुकडे होऊन परत यायचा. सुखाची मी पुढे अनेक वर्णनं वाचली. एकाही लेखकाला कूलर सुचलेला नाही.

आणि त्या कूलरमध्ये आणखी एक गंमत होती. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. हा शोध सुरेशचा. तासाभरात गल्लीतली सगळी पोरं आमच्या खोलीत जमली. हातात हात धरून साखळी करायची, पहिल्याने कूलरला बोट लावायचं, आणि शेवटच्याने जमिनीवर अनवाणी उभं राहून "उनी! उनी!", म्हणजे आली, आली, म्हणून किंचाळायचं. चपला घातलेल्यांना काहीच जाणवत नसे, म्हणून चपला दाराबाहेर काढायचा नियम झाला. आज हे लिहिताना माझ्या हातावर काटा येतो. त्या वेळी आम्हाला वाटत होतं की शेठेसच्या पोरांसाठी ही सोय मुद्दाम केलेली असते.

मायला ते कळलं ते तिचा ओला हात कूलरला लागला तेव्हा. ती पुरणाची डाळ धुऊन तशीच आम्हाला हाक मारायला आली होती. तिच्या हातातली थाळी उडून पलंगाखाली गेली. तिने छोटूला उचलला, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि सांगितलं, "पोरे आठे झोपाव नईत." बस्स. आमचं व्यक्तिमत्त्व एका वाक्यात पुन्हा ओट्यावर आलं. मी रडले. सुरेशनेही डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.

मामाने खिशातला टेस्टर काढला. तो तो पेनसारखा खिशाला लावत असे. कूलरला टेकवताच त्यातला छोटा दिवा लागला. मग तो घरभर फिरला, बोर्ड उघडून पाहिले, आणि ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"दाजी, तुमना घरले अर्थच नई शे."

आप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय म्हणालास?"

"खरं सांगी ऱ्हायनू. इतलं मोठं घर, पन अर्थ नई. मी बठा घरमा दखं. कोठेच सापडना नई."

"रघुनाथ," आप्पा उभे राहिले, "मी जन्मभर मुलांना अर्थ समजावून देत आलो. शब्दार्थ, भावार्थ, गर्भितार्थ..."

"ते बठं ठीक शे, दाजी. पन घरमा नई शे ना!"

"माझ्या घराला अर्थ नाही?"

"मी देस ना! एक दिननं काम शे. मांगे खड्डा खंदना, लोखंडना पाइप गाडना, मीठ टाकना, कोळसा टाकना, वरथून पानी. मंग दखा, कसा अर्थ येस!"

इथे मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. लोखंड, मीठ आणि कोळसा या तीन गोष्टी आमच्या गावात कुणाच्या दाराशी एकत्र पुरलेल्या सापडल्या तर लोक सरळ भगत बोलावतात. शाळेत अंधश्रद्धेवर दर वर्षी भाषण करणाऱ्या माणसाच्या घरामागे करणीचं सामान पुरायचं, आणि वर त्याच्याच घराला अर्थ नाही म्हणून! आप्पांनी हात दाराकडे केला. "तू इथून प्रस्थान कर."

मामाने मायकडे पाहिलं. "काय म्हनी ऱ्हायनात?"

"जाय म्हनतस," माय म्हणाली.

मामाला राग यायला थोडा वेळ लागला, पण आला तो चांगला आला. तो त्या संध्याकाळी जेवला नाही. आखाजीच्या सकाळी त्याने पिशवी उचलली. खांडबाऱ्याला त्याची सासुरवाडी होती, तिथे सण करून पुढे सुरतेची गाडी धरायची असं त्याने भिंतीकडे बघून जाहीर केलं, आणि तो फाट्याकडे चालू लागला. मायने त्याला थांबवलं नाही. ती चुलीवरच्या पालथ्या खापरावर पुरणपोळ्या टाकत होती. हातावर फिरवून ताटाएवढी केलेली ती पोळी एरवी अलगद खापरावर उतरायची. त्या दिवशी तिचा फटकारा ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

धक्का हा मायचा भ्रम आहे असं म्हणून आप्पांनी कडी काढली आणि उद्घाटन ठरल्याप्रमाणे करायचं ठरवलं. खोली धुऊन काढली, कारण पूजेला जागा शुद्ध हवी. सगळ्यांनी पाय धुतले, कारण पूजेला पायही शुद्ध हवेत. चपला अर्थातच बाहेर. कूलर भरून चालू केला, कारण बंद दैवताची पूजा कशी करायची? आमच्या लोकांना एखाद्याला विजेचा धक्का बसावा अशी मनापासून इच्छा असती, तरी याहून चोख तयारी त्यांना करता आली नसती. भटजी आले, पाटावर बसले, मंत्र म्हणत त्यांनी ओल्या बोटाने कूलरला कुंकू लावलं. आम्ही श्वास रोखले. काही झालं नाही. भटजींनी अक्षता टाकल्या, पुन्हा हात लावला. काही नाही. आप्पांनी दाराशी उभ्या असलेल्या मायकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्यांनी नारळ फोडला, नारळाचं पाणी कूलरवर शिंपडलं, आणि ओल्या हाताने हार घालायला पुढे झाले.

पुढचं फार पटकन झालं. आप्पांचा हात झटक्याने मागे आला, हार भटजींच्या गळ्यात पडला, आणि आप्पा पाण्याच्या तांब्यावर जाऊन बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. आणि जन्मभर शुद्ध बोललेल्या त्या तोंडातून शब्द आले, "मरी गऊ, वं माय!"

छोटू कुंकवाचं बोट पुढे करून कूलरपाशी पोचलाच होता, कारण खोलीचा सर्वांत लहान मालक म्हणून पुढचा टिळा त्याचा होता. मायने त्याला मागून एका दंडाला धरून असा उचलला की तो हवेतच रडायला लागला. सुरेशने धावत जाऊन बटण बंद केलं. "दैवत फार जागृत आहे," भटजी हार काढत म्हणाले. माय म्हणाली, "जागृत शे, म्हनीसनच पोरे आठे पाय ठेवाव नईत. कधीच."

'कधीच' हा शब्द ऐकून माझं डोकं अत्यंत वेगाने चालू लागलं. जन्मात पुन्हा इतकं चाललं नसेल. भटजींना का नाही? मंत्रामुळे? पण कूलरला दुसऱ्यांदा हात लावताना तर ते मायला आमरसाचं विचारत होते. मग मला त्यांच्याखालचा लाकडी पाट दिसला. आप्पांचे ओले पाय दिसले. साखळीच्या शेवटी उभं राहायची ती अनवाणी पोरं दिसली, आणि चपलावाल्यांना काही होत नसे तेही आठवलं. म्हणजे करंटला जमीन हवी होती! आमच्यातून तो जमिनीकडेच जात होता. मामा म्हणाला होता खड्डा, पाइप, पाणी. सगळं जमिनीतच तर होतं. आणि मला आमचं इंग्रजीचं पहिलंवहिलं पुस्तक आठवलं, ज्याचं एक वाक्य गुरुजींनी आमच्याकडून वर्षभर ओरडून घेतलं होतं.

"आप्पा!" मी किंचाळले. "अर्थ इज राउंड!"

सगळ्यांना वाटलं मलाही धक्का बसला.

"अर्थ म्हणजे पृथ्वी, आप्पा! इंग्रजीतला अर्थ! मामा तो अर्थ म्हणत होता. घराला पृथ्वी जोडलेली नाही!"

आप्पा तांब्यावरून उठले. इंग्रजीशी त्यांचं जुनं वैर होतं, त्यामुळे तो शब्द त्यांनी आधी मनातल्या मनात तपासून पाहिला. "पृथ्वी," ते हळूच म्हणाले. मग जरा दुखावून, "मग तो पृथ्वी का म्हणाला नाही?"

"मामाले थांबाडा!" माय म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुरेशने सायकल काढली होती. मी मागे उडी मारली. फाट्यापर्यंतचा तो रस्ता मला अजून हाडांत आठवतो. केळीच्या बागांमधून सायकल नुसती उडत होती. लांबून एसटीची धूळ दिसली आणि मी सुरेशच्या पाठीत बुक्क्या मारायला लागले. आम्ही पोचलो तेव्हा मामाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता.

"मामा, उतर! आप्पाले अर्थ समजना!"

"कसाना अर्थ?" कंडक्टरने विचारलं. गाडीतली निम्मी माणसं खिडक्यांतून वाकली.

"आते समजना?" मामा पायरीवरूनच म्हणाला. "काल ते मले परस्थान करी ऱ्हायंतात."

"आप्पांना शॉक बसला," सुरेश धापा टाकत म्हणाला. "छोटू थोडक्यात वाचला."

मामाचा चेहरा उतरला आणि त्यामागोमाग मामाही. मी त्याला वाटेत पुन्हा समजावलं की अर्थ म्हणजे पृथ्वी. "पिरथवी?" तो पिशवी खांद्यावर टाकत म्हणाला. "तुले कोन सांगं? अर्थ म्हंजे हिरवी वायर." तिघांचे तीन अर्थ झाले होते, आणि कूलर कुणाचीही वाट बघायला तयार नव्हता.

आप्पा दारात उभे होते. माफी मागण्यासाठी लागणारं मराठी त्यांना येत असावं, पण सराव नव्हता. "आधी भोजन करू," ते म्हणाले. "पयले खड्डा," मामा म्हणाला. आणि सणाच्या दिवशी, डोक्यावर वैशाखाचं ऊन घेऊन, आमच्या घरामागे मोरीच्या सांडपाण्याजवळ खणायला सुरुवात झाली. आप्पांनी धोतर खोचून स्वतः पहार घेतली. मी जाडं मीठ आणलं, सुरेशने कोळसा कुटला, आणि शेजारची भिकामाय कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"काय करी ऱ्हायनात, गुरुजी? करनी काढी ऱ्हायनात का घाली ऱ्हायनात?"

"विजेला जमिनीत जायला वाट करून देत आहोत," आप्पा घाम पुसत म्हणाले.

"मंग मीठ कसाले?"

आप्पांनी मामाकडे पाहिलं. मामालाही ते ठाऊक नव्हतं हे मला तेव्हाच दिसलं. "चव लागाले," तो म्हणाला आणि मिठाचा थर पसरू लागला. मीठ आणि कोळशाने जमीन ओल धरून ठेवते आणि करंटला सोपं जातं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. भिकामायचं त्या दिवशी चवीवर पूर्ण समाधान झालं.

पाइपापासून वायर खिडकीतून आत घेऊन मामाने ती कूलरच्या पत्र्याला घट्ट आवळली आणि बटण दाबलं. फट्! घरातली वीज गेली. फ्यूज उडाला होता. आमची तोंडं पडली, पण मामा उड्या मारायला लागला. "सापडना! चोर सापडना!" त्याने कूलरची जाळी काढली. पंपाची वायर ज्या भोकातून आत जात होती त्या भोकाची धारदार कड वायरवर घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं, आणि ते पत्र्याला टेकत होतं. रात्रभर आम्ही ते उशाशी घेऊन झोपलो असतो.

"ते भोक कोनी पाडं व्हतं?" मायने विचारलं.

मामा एकाएकी चिकटपट्टी गुंडाळण्यात इतका गढून गेला की त्याला ऐकू आलं नाही. वायर बदलली, भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, फ्यूज बांधला. त्याच झपाट्यात त्याने उशाशी असलेला बोर्ड उखडून माणसाच्या डोक्याच्या उंचीवर नेला. आप्पांनी स्वावलंबनाचा विषय काढला नाही. मग मामाने बटण दाबून टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. मामाने आमच्याकडे असं पाहिलं की टाळ्याच वाजवाव्यात. आम्ही वाजवल्याही.

माय छोटूला कडेवर घेऊन उंबरठ्यावरच उभी होती. "तो दिवा मले काय समजस?" ती म्हणाली. "मी हात लावस. मंग पोरे."

ती छोटूला माझ्याकडे देऊ लागली, तेव्हा आप्पांनी तिला हाताने थांबवलं. आज कुणी असं करायला लागलं तर मी त्याला खोलीतून ओढून काढीन. नातीच्या घरात त्यासाठी भिंतीत एक पेटी आहे, जरा काही झालं की ती डोळे मिटायच्या आत वीज तोडते. त्या दुपारी आमच्याकडे फक्त आप्पा होते. त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला, स्वतःच्या दोन्ही पायांवर ओतला, धुतलेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि उजवा हात ओला करून कूलरच्या पत्र्यावर टेकवला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो.

"काही नाही," आप्पा म्हणाले.

"दुसरा हात बी लावा," माय म्हणाली.

आप्पांनी दुसरा हात लावला. दोन्ही हात टेकून ते तसेच उभे राहिले, कूलरची हवा त्यांच्या घामेजल्या सदऱ्यात शिरून सदरा फुगत राहिला, आणि मायने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उंबरठा ओलांडून आत आली, वाकली, आणि छोटूला जमिनीवर सोडलं.